होडीत बसायचं राहिलं

आमच्या गावात बाईनं शर्यतीच्या होडीत पाय ठेवायचा नाही. होडीला हळद-कुंकू वाहायचं, तिच्यापुढं नारळ ठेवायचा, नदीची ओटी भरायची, ही सगळी कामं बायकांची. पण काठावरून. होडीला अख्खं गाव 'आई' म्हणायचं आणि त्या आईच्या मांडीवर बसायचा हक्क मात्र फक्त बाप्यांना. असं का, म्हणून मी लहानपणी एकदा विचारलं, तर तिघांनी तीन वेगळी कारणं सांगितली आणि चौथ्यानं पाठीत धपाटा घातला.

गाव कोल्हापूरपासून नदीच्या खालच्या अंगाला, एसटीनं सव्वा तास. श्रावणात पंचगंगा दोन्ही काठ भरून वाहायला लागली की आसपासच्या गावांच्या होड्यांच्या शर्यती लागायच्या. आमच्या होडीचं सुकाणू माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या हातात. सुकाणू म्हणजे काय, तर मागचं एक लांबलचक वल्हं. त्याला रेलून आण्णा उभे राहायचे आणि पुढच्या दहाजणांना आवाज द्यायचे, "लाऽव... ओढ. लाऽव... ओढ." घरात दिवसाला चार शब्द खर्च न करणारा हा माणूस, पण नदीवर त्यांचा आवाज पलीकडच्या काठाला जायचा. मला त्या होडीत बसायचं होतं. बाकी पोरींना बांगड्या, रिबिनी काय काय हवं असायचं. मला ती होडी हवी होती.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. म्हणजे नव्वदनंतरची पहिली एकदोन वर्षं. शर्यतीच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी घाटावर धुणं धूत होते. पिंपळाच्या मुळाला बांधलेला दोर सुटला आणि होडीनं हळूच तोंड फिरवून धारेची वाट धरली. घाटावर एक बाप्या नाही, सगळे जेवायला गेलेले. मी ओढणी कमरेला आवळली आणि घेतली उडी. पोहायला मला आण्णांनीच शिकवलं होतं, विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. होडी गाठली, आत चढले, वल्हं मारत मारत पुढच्या वळणाच्या आधी काठाला लावली. हात सोलून निघाले होते, पण मला वाटलं, आता आण्णा पाठ थोपटणार.

संध्याकाळी पंच जमले. होडीला बाईचा पाय लागला, आता कसं, यावर तासभर खल झाला. होडी वाचली हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावासमोर आण्णांनी हळदीच्या पाण्यानं होडी धुतली. आत उतरून, फळी न् फळी, मी जिथं जिथं पाय ठेवला होता तिथं दोनदोनदा. मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होते. त्यांनी मान वर करून बघितलं नाही. एवढं करून होडी हरलीच, तर लोक म्हणाले, धुण्यात कसर राहिली असणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आण्णा काहीतरी बोलतील म्हणून मी आठ दिवस वाट बघितली, महिना वाट बघितली. ते बोलले नाहीत आणि मग मीही बोलायचं सोडून दिलं.

पुढं लग्न झालं. नवरा शिरोलीच्या एका फाउंड्रीत इंजिनिअर, त्यामुळं काही वर्षं कोल्हापुरात काढली, मग त्याला सिंगापूरला नोकरी लागली आणि आम्ही उठून तिकडं गेलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथं सगळं चकाचक, वेळेवर, आणि मला काडीचंही काम नाही. मुलगा शाळेत गेला की घर खायला उठायचं. भाकरीसाठी ज्वारीचं पीठ शोधत फिरायचे आणि एकदा अशीच फिरत फिरत नदीच्या काठाला आले, तर समोर लांबच्या लांब होडी. पुढं ड्रॅगनचं तोंड, मधे दहाजणी वल्ही मारतायत, तोंडाजवळ एकजण ढोल बडवतेय आणि मागं सुकाणूला एक बाई उभी. बाई! मी तिथंच कठड्याला धरून रडले. लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

महिनाभरात मी स्वतःचा संघ काढायचा घाट घातला. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपायची वाट बघून एकेकीला गाठलं. एक म्हणाली, ऊन लागून काळी पडेन. एकीनं विचारलं, वेळ किती जाईल, यांचा डबा असतो. एकीनं साडीत चालेल का म्हणून चौकशी केली, ती मात्र पुढं सगळ्यात दांडगी निघाली. गडहिंग्लजची एक लिंगायत बाई होती, माहेरचं किराणा दुकान, मराठी बोलता बोलता मधेच कन्नडवर घसरायची. तिला मी होडीचं सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "अक्का, ढोल कोण वाजवणार?" ढोल तिला देऊन टाकला.

होडी देणाऱ्यांची अट होती, प्रत्येकीनं लाइफ जॅकेट घालून पोहून दाखवायचं. आमच्यातल्या निम्म्या जणी पाण्याला बघूनच देवाचं नाव घेणाऱ्या. इमारतीच्या तलावात मी त्यांना शिकवलं. वाळका भोपळा तिथं कुठला मिळायला, थर्माकोलचे तुकडे बांधले. आजूबाजूचे लोक खिडक्यांतून बघायचे. मी म्हटलं, बघू द्या मेल्यांना, फुकट तमाशा आहे.

आणि पहिल्या दिवशी होडीत बसायची वेळ आली तेव्हा माझाच पाय उचलेना. चप्पल हातात घेऊन मी धक्क्यावर उभी. कुणीतरी मागून ओरडेल, असं वाटत होतं. तिथला एक म्हातारा चिनी गृहस्थ होड्या सांभाळायचा, तो वैतागून म्हणाला की बसायचं असेल तर बसा, नाहीतर दुसऱ्यांना वाट द्या. मी बसले.

पहिल्या दोन्ही शर्यतींत आम्ही शेवटून पहिल्या आलो. बायका जिवाच्या करारावर वल्ही मारत होत्या, माझा आवाज खणखणीत, ढोल चुकत नव्हता, तरी होडी पुढं सरकेना. मी आण्णांची चाल जशीच्या तशी लावली होती, लाव, ओढ, मग वल्हं वर धरून एक दम थांबायचं, पुन्हा लाव. लहानपणापासून कानात बसलेली. ती चुकीची असेल हे माझ्या डोक्यातही येईना.

दर रविवारी मी गावाकडं फोन करायची. आईशी बोलणं व्हायचं, म्हशीचं, उसाच्या तोडीचं, भावाच्या पोरांचं. मग आण्णा यायचे, "बरं हाय न्हवं?" विचारायचे आणि फोन परत आईच्या हातात. होडीचं मी वर्षभर लपवलं होतं. त्या रविवारी मात्र मला राहवेना. आण्णा फोनवर आले तशी मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आम्ही बायका होडी चालवतो, सुकाणूवर मी असते, दोनदा हरलो, कुठं चुकतंय कळत नाही.

मला वाटलं, आता फोन आईच्या हातात जाणार. पण त्यांनी विचारलं, "तितलं पानी व्हातंय का?"

"न्हाई आण्णा. थांबलेलं हाय."

"मग तू थांबतीस कशाला?" ते म्हणाले. "आपल्या नदीला धार हाय, आपण थांबलो तर ती नेती. थांबलेल्या पान्यात थांबायचं नसतंय, पोरी."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. नवऱ्याला वाटलं गावाकडं कुणी गेलं. त्याला काय सांगू? माझा बाप माझ्याशी होडीचं बोलला होता.

त्यानंतर रविवारचे फोन बदलले. आई बिचारी बाजूला राहिली. आण्णा विचारायचे, वारं कुठनं असतं, पुढं हलक्या बसवतीस का भारी, मनगट दुखतंय का. मी थांबा काढून टाकला, ढोलाचा ठेका जवळजवळ दुप्पट केला, आणि तिसऱ्या शर्यतीत आम्ही मधल्या नंबराला आलो. आण्णांनी ते तालमीत जाऊन सांगितलं म्हणे. धुतल्याचं मात्र तेही काढत नव्हते आणि मीही. आमच्या दोघांच्या मधे ती ओली होडी तशीच पडून होती.

आणि एका रविवारी, काही विषय नसताना, ते म्हणाले, "श्रावणात ये. एकडाव सुकाणू धर."

मी म्हटलं, "आन् गाव?"

"गावाचं मी बघतो की."

किती वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती! येते म्हटलं. नक्की येते. आणि पुढं काय झालं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. त्या वर्षी नेमकी आमचीच शर्यत त्या आठवड्यात आली. मी नाही तर सुकाणूवर कोण, म्हणून राहिले. दुसऱ्या वर्षी मुलाची परीक्षा. तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं नोकरी बदलली, रजा शिल्लक नाही, आणि एकटी जायला मला कुणी अडवलं होतं का? नव्हतं. पण म्हटलं, होडी कुठं पळून जातेय. आण्णा दर पावसाळ्याच्या तोंडाला सांगायचे, "तेल लावून ठेवलंय." मी म्हणायची, पुढच्या श्रावणात. त्या वर्षांत आम्हाला एकदा तिसऱ्या क्रमांकाचं पदकही मिळालं. ते गळ्यात घालून काढलेला फोटो मी गावाकडं पाठवला. आण्णांनी तो देवाच्या फळीवर ठेवला, असं आईनं सांगितलं.

मग तो मोठा महापूर आला. चार दिवस गावाचा फोन लागेना. मी टीव्हीपुढून हलले नाही. एकदा घाटासारखं काहीतरी दिसलं, पिंपळाचा शेंडा तेवढा वर. पाचव्या दिवशी भावाचा फोन आला की सगळे सुखरूप आहेत, आणि मी दुसऱ्या दिवशीचं विमान पकडलं. रजा, परीक्षा, शर्यत, कशाचीही आठवण झाली नाही. तेव्हा बरी जमली मला रजा.

रस्ते खुले व्हायला वेळ लागला. कोल्हापुरात दोन दिवस सासरी काढून मी गावात पोचले तेव्हा गल्लीत गुडघाभर गाळ होता. आई शाळेच्या व्हरांड्यात गोधड्या वाळत घालत होती. मला बघून आधी रडली, मग सांगायला लागली. पाणी चढलं तेव्हा सरकारी बोट यायची होती, ती येईपर्यंत कोण थांबणार? आण्णांनी शर्यतीची होडी काढली. पहिल्या खेपेला म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या, मग भावाची बायको आणि वाड्यावस्त्यांवरच्या सगळ्याजणी. एक बाळंतीण तर चार दिवसांची. विटाळाचं नावही कुणी काढलं नाही. आई आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसली आणि तिला ते सांगताना हसू आवरत नव्हतं. "समद्या बसलो गं," ती म्हणाली. "गावातली एक बाई ऱ्हायली न्हाय."

मी तारीख मोजली. त्या सकाळी मी सिंगापुरात सरावाला गेले होते.

आण्णा घाटावर होते. दोन पायऱ्या गाळातून वर आलेल्या, त्यातल्या वरच्या पायरीवर बसलेले. एकदम म्हातारे दिसले. बाजूला सुकाणूचं वल्हं आडवं ठेवलेलं, तेवढंच उरलं होतं. ते त्यांनी शेवटच्या खेपेनंतर शाळेत नेऊन ठेवलं होतं म्हणून वाचलं. मी खालच्या पायरीवर बसले. मग त्यांनीच सुरू केलं, नदीकडं बघत. शेवटची खेप झाली, होडी गाळानं, उलटीनं, शेणामुतानं भरलेली. कुणीतरी म्हणालं, धुऊन घ्या. आण्णा म्हणाले, एकडाव धुतली ती लई झाली, आता धुणार न्हाय. तशीच पिंपळाला बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आणखी चढलं.

त्यांनी वल्ह्यावरून हात फिरवला.

"डोळ्यादेखत दोर तुटला," ते म्हणाले. "काठावर पन्नास मानसं हुती. उडी मारणारी पोरगी न्हवती."