अक्काताईंचा ज्वालामुखी

कोल्हापुरात रंकाळा तलावावरच्या आमच्या मॉर्निंग वॉक ग्रुपात चालणं कमी, बोलणं जास्त. एक फेरी झाली की कट्ट्यावर चहा आणि चहाबरोबर किस्सा. त्यात यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे इंडोनेशियाला ज्वालामुखी चढायला गेलतो. म्हणजे आता वर्षभर चहाच कमी पडणार!

*

वादाची सुरुवात तात्यांनीच केली. तात्या जुने पैलवान, आवाज अजून आखाड्यातला. अक्काताई त्यांच्या मिसेस, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. ट्रिप ठरली तसं तात्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "हिला चढायला जमत न्हाय. तिथं घोडी मिळत्यात. ही घोड्यावर चढली की पुढच्या ट्रिपपासनं घरात!"

अक्काताईंनी कप खाली ठेवला. "मी माझ्या पायानं जातो. न्हाय जमलं तर खरंच घरात बसतो."

बाई चेष्टा करत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिनं दोन फेऱ्या सुरू केल्या.

*

प्रॅक्टिसला एका रविवारी पन्हाळा. पायथ्यापासून चालायचं ठरलेलं. पायथ्याशी तात्या म्हणाले, "ऊन लई हाय." मग काय, गाडीनं वर, झुणका-भाकरी, फोटो! ग्रुपवर मेसेज पडला, "प्रॅक्टिस सक्सेसफुल." अक्काताई तेवढ्या चालत आल्या. आम्ही तेव्हा भाकरी संपवून ताक पीत होतो.

*

ज्वालामुखीपाशी गाडीतून उतरलो आणि असा भपकारा आला म्हणता! नासक्या अंड्यांचा. सगळ्यांनी एकदम सुर्वे सरांकडं बघितलं. सर रिटायर्ड हेडमास्तर, आदल्या रात्री बुफेवर तुटून पडलेले.

"मी न्हाय!" सर ओरडले.

गाइडनं डोंगराकडं बोट दाखवून सांगितलं, हा गंधकाचा वास. तरी तात्या म्हणालेच, "डोंगरावर ढकलू नका, सर!"

*

राखेतली वाट. अक्काताईंच्या मागं एक घोडेवाला लागला. "हॉर्स, मॅडम?" त्या थांबल्या की हा थांबायचा, त्या चालल्या की हा निघायचा. शेवटी त्यांनी त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. "खावा, पावणं. पर मी बसनार न्हाय!" त्यानं निम्मा स्वतः खाल्ला, निम्मा घोड्याला दिला आणि पुन्हा, "हॉर्स, मॅडम?"

एवढ्यात दुसराच एक घोडा आम्हाला ओलांडून पुढं गेला. वर तात्या!

"बुटात राख गेलीया," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

*

घोडी पायऱ्यांपाशी थांबतात. पुढं सगळ्यांनाच पाय. अक्काताई कठड्याला धरून चढत होत्या, मधेच बसत होत्या. माझा जीव वरखाली. ही बाई पुढच्या ट्रिपला नसली तर काय मजा, राव!

पण पोचली! आम्ही असा कालवा केला की अनोळखी गोरी माणसंही टाळ्या पिटायला लागली. विवराच्या आत नुसता धूर आणि खदखद. अक्काताईंनी डोकावून बघितलं, डोळे पुसले. "पोचलो की गा!"

घोड्यावरनं पुढं गेलेले तात्या पायऱ्यांवर मागं पडलेले, ते धापा टाकत आले. "एवढंच व्हय? ह्यात पानी सोडलं तर रंकाळ्याएवढंबी हुनार न्हाय."

*

पायऱ्या उतरून खाली आलो, तर तो घोडेवाला अजून तिथंच. अक्काताई सरळ त्याच्याकडं गेल्या आणि घोड्यावर बसल्या! आम्ही गार.

तात्यांना हुरूप आला. "बघा! बसली का न्हाय शेवटी? मी म्हनलो नव्हतो?"

अक्काताईंनी ओढणी फेट्यासारखी डोक्याला गुंडाळली. सुर्वे सरांनी लाडवांचा रिकामा डबा हलगीसारखा बडवायला घेतला.

"चढायचा घोडा तुमचा," अक्काताई म्हणाल्या. "ह्यो मिरवणुकीचा हाय. धरा लगाम!"