बिछाना फक्त झोपेसाठी

पालघरला माझं छोटंसं क्लिनिक आहे. झोप न येणारे लोक येतात. मी गोळी देत नाही, सवयी बदलायला लावते. थोडक्यात, गप्पांचा धंदा! या धंद्यात किस्से इतके साचतात, की कधीकधी तेच मला जागं ठेवतात. सांगून टाकलेले बरे.

*

सारखं घड्याळ बघायचं नाही, हा माझा पहिला नियम. बोईसरच्या कारखान्यातल्या एका फोरमनला म्हटलं, खोलीतलं घड्याळच काढून टाका. पुढच्या वेळी चेहरा पाडून आला. "मॅडम, घड़ी बेच दी. टिकटिक नहीं गयी!"

म्हटलं, शेजाऱ्यांची असेल.

"बाजू में खाली प्लॉट है, मॅडम!"

मी चहा मागवला.

*

झोपेची ज्यांना धास्ती, त्यांना मी उलटंच सांगते. पडून राहा, पण जागं राहायचा प्रयत्न करा. धडपड सुटली की झोप येते. एका क्लार्कना हे सांगितलं, तर बायकोचा फोन. "हे घोरतायत हो, पण डोळे सताड उघडे! मी कूस बदलली की नजर माझ्यामागे येते."

"मग?"

"मग काय! आता माझं नाव लिहून घ्या."

*

अंग सैल सोडायच्या व्यायामाचं रेकॉर्डिंग माझ्याच आवाजात आहे. सगळ्यांना व्हॉट्सॅपवर एकच फाइल. सफाळ्याच्या एक शिक्षिका जाम खूश! "शेवटी तुम्ही हळूच माझ्या नावाने हाक मारता ना, तिथेच डोळा लागतो."

फाइलमध्ये मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. बाईंना झोप लागतेय ना, लागू दे! मी मात्र ती फाइल शेवटपर्यंत ऐकत नाही. हिंमतच होत नाही.

*

आणि ही दातिवऱ्याची जमुनामावशी. नवरा समुद्रात गेला. होडी सापडली, तो नाही. तेव्हापासून मावशी रात्रभर जागी. मासळी कापताना डुलकी लागून तिने हात चिरून घेतला, तेव्हा लेकीने माझ्याकडे आणलं.

म्हटलं, "मावशी, रोज ठरलेल्या वेळी उठायचं."

ती हसलीच! "बाय माझे, भरती रोज जरा उशिरा येते. आमी भरतीवर उठनारी मानसं. तो भरतीलाच घरी येयाचा. मी झोपली नि त्यानं हाक मारली तर?"

मला भरून आलं. पण नियम तो नियम. सांगितलं, "बिछाना फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठायचं, बाहेर जाऊन बसायचं."

महिन्याभराने एकटीच आली. चेहरा टवटवीत, हाताची जखम भरलेली. मला इतका आनंद झाला! "नियम पाळला ना?"

"पालला ना! तुमी सांगितलं तसंच त्याला सांगितलं. झोप नाय येत तर ऊठ, बाहेर बस. बसतो बिचारा."

मावशीने पिशवी उचलली, दार उघडलं आणि बाहेरच्या रिकाम्या बाकड्याकडे बघून म्हणाली, "चल, ऊठ. झालं माझं."