राणीमामाची बायकी गोळी

राणीमामाला लाज नव्हती. हे मी कौतुकानं सांगते आहे, गैरसमज नको. आंधळगावच्या बाजूच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची आणि मंडईच्या नाटकात राणीचं काम माझ्या मामाकडे ठरलेलं असायचं. दिवसभर धान कापणारा हा गडी संध्याकाळी मिशी सफाचट करून मामीचं लुगडं नेसायचा आणि असा ठसक्यात यायचा, की समोर बसलेल्या बायका आपापले पदर सारखे करायच्या. गाव त्याला राणी म्हणायचं आणि आम्ही भाचरं राणीमामा. बाजारात कुणी डोळा मारून "काय राणीसाहेब!" म्हटलं, की तो तिथंच कमरेवर हात ठेवायचा. "काय गा परधानजी, वांगे का भाव देऊन राहिला?" मग चिडवणाऱ्याचंच तोंड बघण्यासारखं व्हायचं.

"लोक हासले म्हंजे आपलं काम जमलं," असं तो म्हणायचा. ते फक्त नाटकापुरतं नव्हतं. बैल बुजून त्याला चिखलात लोळवून गेला, तेव्हाही पहिला तोच हसला.

त्याचा एकुलता एक मुलगा धनराज मात्र हसत नसे. शाळेत पोरं त्याला 'राणीचा पोरगा' म्हणायची आणि ते त्याच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. मिसरूड फुटल्यापासून त्यानं मिशीला पीळ भरायला सुरुवात केली. बाप नाटकात उभा राहिला, की हा त्या दिवशी गावातच नसायचा.

साठी ओलांडल्यावर मामाची लघवी अडू लागली. कंबर तर अशी दुखायची की वाकता येईना. मी लग्न होऊन भंडाऱ्याला आलेली, म्हणून तो माझ्याकडेच उतरला आणि आम्ही नवराबायको त्याला नागपूरला घेऊन गेलो. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. हाडांपर्यंत गेलेला. डॉक्टर म्हणाले, अंडकोष काढायचं ऑपरेशन करू, नाहीतर गोळ्या. मामानं गोळ्या मागितल्या.

डॉक्टर भला माणूस, उगाच शहाणपणा मिरवणारा नव्हे. त्यांनी तीन गोळ्या टेबलावर मांडून समजावलं. पहिली बायकांच्या शरीरातल्या रसाची, बाळंतिणीचं दूध आटवायलाही देतात ती. रोगाला आवर घालणारी हीच. तिच्यानं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून सोबत डोकेदुखीची गोळी, अर्धी. आणि तिसरी चक्क जंताची. "ही काही ठिकाणी कॅन्सरवर देऊन पाहताहेत. शरीराची ताकद वाढते म्हणतात. उपयोग होईलच असं मी सांगणार नाही. नाही मिळाली तरी चालेल, पण पहिली सोडायची नाही," ते म्हणाले.

मामानं तिन्ही तळहातावर घेतल्या. "एक बाईची, एक डोक्याची, एक जंताची. डाक्टरसाहेब, माणसाची एकबी नाही का जी तुमच्यापाशी?" डॉक्टर चष्मा काढून हसले.

आणि गुण आला हो! लघवी मोकळी झाली, कंबर सुटली, मामा पुन्हा बांधावरून फिरू लागला. सोबत दाढी विरळ झाली आणि छाती बायकांसारखी भरून आली. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. मामी जरा कावरीबावरी झाली, तर हा म्हणतो, "नाटकात तवा आंगीत कापसाचे गोळे भरत होतो वं, आता देवानं घरचेच देल्ले!" मामी "बेशरम!" म्हणून ओरडली आणि पदर तोंडात धरून हसत सुटली. त्या दोघांना तसं हसताना पाहून माझा जीव भांड्यात पडला होता.

पण धनराज! त्याच साली तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला. विरोधकांना आयतंच मिळालं. चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला म्हणालं, "निवडून आला तं बापाले पातळ घेशील ना गा?" तो तिथून तडक घरी आला. मी तेव्हा मामाकडेच होते.

"बाबा, ते बायकी गोळी आजपासून बंद," तो म्हणाला. "मले तोंड दाखवाले जागा नाही राहिली."

"अरे, डॉक्टरांनी तीच सोडू नका म्हटलंय," मी म्हणाले.

"तू चूप राह्य, ताई. तू भंडाऱ्यात राह्यते, तुले काय होते? धानाले किडा लागला तं आपण किड्याचंच औषध मारतो ना? याच्या आंगात किडा होता, तो जंताच्या गोळीनं मेला. मंग हे दुसरी काहून पाहिजे?"

किती सोपं करून टाकलं मेल्यानं! मी खूप भांडले. मामीही भांडली. मामानं मात्र उठून फळीवरची त्या गोळ्यांची पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली. "ठेव गा. निवडून ये," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "जाऊ दे माय. पोट्ट्याले लाज वाटून राहिली." उभ्या जन्मात कुणाच्या हसण्याला न भ्यालेला माणूस पोटच्या पोराच्या लाजेपुढे हरला. हे आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

धनराज निवडून आला. गुलाल उधळत मिरवणूक दारात आली, तेव्हा मामाला खाटेवरून उठायला दोन माणसं लागली. कंबर पुन्हा धरली होती. मिरवणुकीच्या लोकांना धनराज सांगत होता, "बाबाचा कॅन्सर आपण जंताच्या गोळीनं पळवला." पुढे तर लोक विचारायला येऊ लागले. चिखला गावच्या खाणीतला एक कामगार आपल्या बापासाठी गोळीचं नाव विचारून गेला. त्या बिचाऱ्याचं पुढे काय झालं कोण जाणे.

मामीचा निरोप आल्यावर मी मामाला परत नागपूरला नेलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण आता रोग तिला जुमानेल असं त्यांना दिसेना. "कुणी बंद केली ही?" ते चिडून विचारू लागले. सोबत आलेला धनराज शेजारीच उभा होता. मामा म्हणाला, "मीच जी. याद नाही राह्यली." धनराजनं तेवढंसुद्धा दुरुस्त केलं नाही.

परतताना मी मामाला विचारलं, कशाला खोटं बोललास? तो म्हणाला, "तो वाईट नाही वं. त्याले लोक दिसते. मी नाही दिसत." मला नाही पटलं. अजूनही पटत नाही.

पाऊस संपता संपता मामा गेला. अंगणात पाट मांडला, पाणी तापलं, आंघोळ घालायला माणसं पुढे झाली. मामाच्या अंगात सदरा होता. धनराज घाईघाईनं म्हणाला, "सदरा नोका काढू. तसंच पाणी टाका."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मामी रडत भिंतीशी बसली होती. ती उठली, माणसांना बाजूला सारत आली आणि तिनं स्वतःच्या हातानं तो सदरा काढला. मामाची भरलेली छाती सगळ्या गावासमोर उघडी पडली. धनराजनं तोंड फिरवलं.

मामीनं त्याचा दंड धरून त्याला वळवलं. "इकडं पाह्य," ती म्हणाली. "याच्यानंच जगला होता तुहा बाप. टाक आता पाणी."