लोणीपानाची चोरी

बाळीवेशीतल्या ईरम्माला गल्लीत कुणी आपली झाडं दाखवत नसे. दाखवलं की गेलंच! म्हणजे अख्खं झाड नव्हे हो, एक पान. मुलाबाळांची चौकशी करता करता तिच्या अंगठ्याचं नख चालायचं, पान बुडापासून अलगद सुटायचं आणि कमरेच्या पिशवीत सुपारीशेजारी जाऊन बसायचं. कुणी हटकलंच, तर डोळे मोठ्ठे करून विचारायची, "कुठलं पान?" आणि असं विचारायची, की हटकणाऱ्यालाच ओशाळं व्हावं.

मग मागून का नाही घ्यायचं? अहो, मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं, ही तिची श्रद्धा. ईश्वरप्पा, म्हणजे तिचे यजमान, रोज विभूती लावून तासभर पूजा करत. त्या पूजेवरही बाईचा एवढा विश्वास नव्हता. आणि गच्चीवर पुरावा होताच की. डालड्याचे डबे, कान तुटलेले कप, फुटकी बरणी, हाताला लागेल त्यात जाड, गुबगुबीत पानांची पिलावळ माजली होती. पाण्याच्या पिंपामागे तर खास माल. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावरून आणलेला, दगडात कोरल्यासारखा, नुसत्या जाड पानांचाच हिरवा गुलाब. तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती त्याच्यासमोर बादली ठेवायची.

पंचाहत्तर साली शेजारच्या माडीवर विजयमाला राहायला आली. नवी नवरी, माहेर वैरागचं. ट्रंकेबरोबर एक कुंडी घेऊन आली. त्यातल्या झाडाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पानं मऊ आणि तुळतुळीत, म्हणून तिच्या आईनं, मथुराबाईंनी, त्याला लोणीपान म्हणायला सुरुवात केली होती. वैरागचं मूळ झाड शेळीनं फस्त केलेलं. त्यामुळे पाठवणीच्या वेळी मथुराबाईंनी रडता रडता बजावलं होतं, "जप बाई, आता हे येवढंच ऱ्हायलंय."

ईरम्मा दसऱ्याला सोनं द्यायला गेली आणि येताना लोणीपानाचं एक पान घेऊन आली. पानाला पान, फिटंफाट!

विजयमाला मात्र भलतीच सरळ. कढीपत्त्याची काडीसुद्धा विचारल्याशिवाय तोडायची नाही. आणि झाडाला पाणी घालायची ते किती! सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर.

"अगं, कुजंल की ते! लई पाणी न्हाय चालत त्याला," ईरम्मा सांगून थकली.

"दुष्काळात एका घागरीसाठी मैलभर चाललीय मी, अव्वा. आता घरात नळ हाय. माझं झाड तहानलेलं न्हाय ठेवायची."

पौषात झाड बुडातून काळं पडलं आणि एकेक पान गळून पार चिखल झालं. नेमका तेव्हाच मथुराबाई संक्रांतीला येणार असल्याचा निरोप आला. विजयमाला ईरम्माच्या स्वयंपाकघरात येऊन हमसून हमसून रडली.

"आई आल्या आल्या जावयाला न्हाय, कुंडीला बघंल हो!"

ईरम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दसऱ्याच्या त्या पानाला तिच्या डब्यात चांगली गुटगुटीत पिल्लं फुटली होती. द्यावं का उचलून? पण हातानं दिलेलं मेलं तर? दुसरं कुठून आणणार? बाईनं रात्र तळमळत काढली.

सकाळी तिनं विजयमालाला गच्चीवर बोलावलं. "ही बघ रीत. पान ओढायचं न्हाय, हलवत हलवत बुडापासून सोडायचं, अर्धं तुटलं तर वाया. मग सावलीत निजवून ठेवायचं, जखम वाळंस्तोवर. मग वाळू मिसळलेल्या मातीवर नुसतं टेकवायचं. पाणी? माती पार कोरडी झाली तर चूळभर. कळलं?"

आणि लोणीपानाचा डबा तिनं दोन गच्च्यांमधल्या कठड्यावर आणून ठेवला.

विजयमालाचे डोळे विस्फारले. "अव्वा, हे तर माझं..."

"कुठलं पान?"

"द्या की मला!"

"दिलेलं लागत न्हाय. मी चालले सिद्धेश्वराला. गच्चीवर कोण आलं, कोण गेलं, मला काय कळणार हाय?"

देवळात ईरम्मानं हात जोडले खरे, पण जीव सगळा कठड्यावर. ती सरळमार्गी पोर हात लावेल का? "देवा महाराजा," ती पुटपुटली, "आजच्या दिवस येवढी एक चोरी होऊ दे." शेजारची बाई दचकून बघायलाच लागली.

धापा टाकत परत आली, तर कठडा रिकामा! ईरम्माला इतका आनंद झाला, की तिनं स्वतःच्याच गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग सहज पिंपाकडे नजर गेली. बादली सरकलेली होती.

साहेबाच्या गुलाबाचं सगळ्यात खालचं पान गायब. सोडवलं होतं मात्र असं सफाईनं, की बुडाला ओरखडासुद्धा नाही.

"अय्यो!" ईरम्मा कठड्याशी धावली. राग आला होता, हसूही फुटत होतं, आणि डोळे का भरले होते ते तिचं तिलाच ठाऊक. "अगं भवाने! ते पान वाळल्याबिगर लावू नको! आणि पाणी घातलंस तर तंगडं मोडीन!"

पलीकडून गोड, भाबडा आवाज आला.

"कुठलं पान, अव्वा?"