दहा सेकंद गप्प बसण्याचं प्रशिक्षण

इंदूरला विद्यापीठाच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये मी गेले ती समाजसेवा करायला नव्हे, रागाने. माझ्या धाकट्या भावाने मला कामावरून काढलं होतं. चार वर्षं मी त्याला गणित शिकवलं आणि दहावीच्या तोंडावर त्याने आईला शांतपणे सांगितलं, "मला पलासियाला कोचिंग लावून दे. ताई शिकवते ना, तर जे येतं ते पण गायब होतं." आईने त्याच संध्याकाळी चौकशी केली. मला त्याचं फार लागलं. तसं मी कबूल केलं नाही, उलट दोन दिवस भांडी आपटली. एम.एस्सी.ला असताना सेंटरची नोटीस दिसली तेव्हा मी लगेच फॉर्म भरला. मला शिकवता येतं, हे कुणीतरी अधिकाराने सांगायला हवं होतं.

पद्धत साधी होती. आठवडाभर प्रशिक्षण आणि शेवटी सेंटरच्या इन्चार्ज मॅडमसमोर एक खरी शिकवणी. जमलं तर ट्यूटर, नाहीतर घरी.

मॅडम इंदूरच्याच, मराठी, रिटायरमेंटला आलेल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "ऐका, बाकी सगळं नंतर. रूल एकच आहे. सवाल पूछो, और चुप. मनात दहापर्यंत मोजा. समोरच्याचं दिमाग चालू असतं, बीच में टपकायचं नाही."

मला वाटलं, एवढंच? मी हँडआउटच्या पुढच्या पानांकडे वळले.

आमच्या गावाचा स्वभाव मी तेव्हा हिशोबात धरला नव्हता. इंदुरात कुणी बोलताना अडखळला तर त्याचं वाक्य पुरं करून देणं ही माणुसकी समजतात. रस्त्यात पत्ता विचारायला थांबा, तुम्ही जागेचं नाव घेईपर्यंत तीन जण तीन दिशांना हात करून मोकळे होतात, आणि चौथा गाडीवर बसवून सोडायला तयार असतो. आमच्या घरात तर कुणाचंही वाक्य ज्याचं त्याने संपवल्याचं मला आठवत नाही. बाबा म्हणतात, "अगं, ते माझं..." आणि आई म्हणते, "फ्रिजवर." चष्मा खरोखर फ्रिजवरच असतो, त्यामुळे ही सवय सुटायचं काही कारणही नसतं.

सरावासाठी मला जोडी मिळाली इंजिनिअरिंगच्या एका प्रशिक्षणार्थीची. मी विद्यार्थी, तो ट्यूटर. त्याने मला प्रश्न विचारला, ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे पाहत राहिला. चौथ्या सेकंदाला त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. पाचव्याला तो म्हणाला, "नाश्ता केला का?" मॅडमनी कपाळाला हात लावला. "भिया, तुम्हाला चुप राहायचंय, पोहे नाही खिलवायचे."

मी त्याला मनसोक्त हसले आणि माझी पाळी आल्यावर तीन सेकंदांत उत्तर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तीन. तिसऱ्या दिवशी मी सहापर्यंत पोचले, पण बोटांनी टेबल इतकं बडवत होते की मॅडम म्हणाल्या, हे बोलण्यापेक्षा वाईट आहे. घरी भावाने विचारलं, "काय शिकवतात तिथे?" मी म्हटलं, गप्प बसायला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं नाही.

शनिवारी माझी परीक्षा होती. बरोबरीच्याने बरोबरीच्याला शिकवायचं, हा सेंटरचा सगळा डौल. आणि माझ्यासमोर येऊन बसल्या माझ्या मावशीच्या वयाच्या एक बाई. सांवेरहून रोज बसने यायच्या. मुलं मोठी झाल्यावर बी.कॉम.ला नाव घातलं होतं आणि स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा अडकल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून शेवेचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला. "घे बेटा, आधी तोंडात टाक. मला ना, ये सरासरी अन् मध्यक, दोघांत फरकच समझत नाही. सर इतनी जल्दी पुढे जातात."

मॅडम वही घेऊन आमच्या बाजूलाच बसल्या होत्या. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुमची बस गेल्या पाच दिवसांत किती किती उशिरा आली?"

त्यांनी बोटांवर सांगितलं. पाच मिनिटं, दहा, पंधरा, परत दहा, आणि एका दिवशी साठ. सगळी बेरीज शंभर, सरासरी वीस. मग ओळीने लावून मधला आकडा काढला, तो दहा. इथवर त्यांनी सगळं स्वतः केलं, पेन त्यांच्याच हातात होतं. मग मी खरा प्रश्न टाकला. "तुमची बस साधारण किती उशिरा येते म्हणायचं? वीस की दहा? आणि का?"

बाई वहीकडे पाहायला लागल्या. मी मोजायला लागले.

एक, दोन, तीन. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. चार. मी जीभ दातांखाली धरली. पाच. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. उत्तर माझ्या घशाशी आलं होतं आणि मला भावाचा चेहरा दिसत होता, वहीवर झुकलेला. त्याला मी कधी पाच सेकंद तरी दिले होते का? सहा. सात. बाईंचे ओठ हलले.

"अहो, त्या साठमुळे," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी हळूच मान वर केली. "मॅडम, थांबायचं ना. मला येत होतं."

मॅडमचा चेहरा पडला. पण बाई थांबल्या नाहीत. "मी काय विचार करत होते, त्या दिवशी रस्त्यात सोयाबीनची ट्रॉली उलटली होती. असं रोज थोडी होतं. वीस बोललं तर ज्या चार दिवशी बिचारा ड्रायव्हर जवळजवळ टाइमावर आला, त्याच्यावर अन्याय. दहाच बोलायला पाहिजे." हे असं मी कधीच सांगू शकले नसते. मी फक्त साठ म्हणाले असते.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि वर न पाहता मला म्हणाल्या, "सोमवारपासून या. तुम्ही रुकल्या. मी नाही रुकले."

खरं म्हणजे माझं तोंड उघडलेलं होतं. मॅडम सातनंतर बोलल्या म्हणून, नाहीतर आठाला मीच बोलणार होते. हे मॅडमना सांगायची माझी हिंमत झाली नाही. बाई डबा पिशवीत ठेवता ठेवता म्हणाल्या, "बेटा, तू छान शिकवतेस. माणसाला बोलू देतेस."

मी मान हलवली. माझ्याबद्दल असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि ते खरं नव्हतं.