पांढरी पाच

२०२३ साल होतं, मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि दत्तमहाराजांशी माझी बोलचाल बंद होती. कारण सांगतो. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, टावर चौकात माझी उसाच्या रसाची गाडी. चाळीस वर्षं चरखीत ऊस घातला, आणि त्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाला म्हणालो, हे काम मी डोळे मिटूनही करतो. मिटले. डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं. डॉक्टर म्हणाला, "काका, शुकर मनाओ, हाथ बच गया." मी म्हटलं, तुम्ही बास गिटार वाजवता का? नाही ना? मग राहू द्या.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, सगळ्या वाद्यांच्या खालून घुमणारी. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा ती मी नानाखेड्याजवळच्या आमच्या कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात आणली, गुरुवारच्या भजनाला. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. यात उजवा हात तार छेडतो, पण सूर कोणता ते डावा हात तार दाबून ठरवतो. आणि माझी दाबणारीच बोटं गेली. मागे राहिल्या अनामिका आणि करंगळी. उजव्या हाताची अनामिका निदान देवाला गंध लावते, डाव्या हाताच्या या दोघींनी जन्मभर बसून खाल्लेलं. एकीला दाबायला सांगितलं की दुसरीही वाकायची. तार पुरती दबायची नाही, सुराच्या जागी नुसतं टक् वाजायचं. गिटार उलटी धरून पाहिली, तर उजव्या हाताला रस्ताच माहीत नाही. बायको म्हणाली, "अहो, शेजारचे विचारून गेले, घरात कपाटं सरकवताय का म्हणून."

पेटीवाले नाना भले माणूस. त्यांनी एका गुरुवारी हळूच माझ्यापुढे झांज सरकवली. माझ्या अंगाची आग झाली. मी सर्वांसमोर सांगून टाकलं, दत्तजयंतीला पाळण्याच्या वेळी मी बासच वाजवणार. एक जरी सूर चुकला तर झांज घेईन आणि मरेपर्यंत गिटारला हात लावणार नाही. बोलून तर बसलो.

खरं सांगायचं तर उपाय मला दवाखान्यातल्या खाटेवरच सुचला होता. आमच्या मुख्य गायिका विमलवहिनी, शाळेच्या रिटायर मुख्याध्यापिका. त्या कायम काळी चारमध्ये गातात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. त्या पट्टीत बासवर सा दाबा, प दाबा, सगळंच दाबा. पण त्या अर्धा सूर उतरून पांढरी पाचवर आल्या, तर सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर सापडतात, बोट न लावता. एवढंच सांगायचं होतं. पण वीस वर्षं मीच भर मंडळात म्हणत आलो होतो, "वहिनी, कोणत्याही पट्टीत गा, मेरी तार तैयार है." आता चौथीत शाळा सोडलेला मी मुख्याध्यापिकेपुढे जाऊन पट्टी उतरवा म्हणू? बोटं गेली होती, नाक शाबूत होतं.

म्हणून वहिनींना सोडून मी महाराजांकडे हट्ट धरला. या दोन आळशी बोटांत ताकद द्या. सहा महिने काही झालं नाही, तेव्हा मी बोलणं बंद केलं. देवळात जायचो, पण डावा हात खिशात ठेवून. नमस्कार एका हातानं, शिपायानं साहेबाला करावा तसा. तो तुटका हात मला कुणाला दाखवायचाच नव्हता, देवाला तर नाहीच.

जयंतीच्या संध्याकाळी देऊळ भरलं. पाळणा सजला. मी गिटार घेऊन बसलो. नानांनी झांज माझ्या गुडघ्याशी ठेवूनच दिली होती. तेवढ्यात विमलवहिनी आल्या, गळ्याला मफलर, डोळे लाल. बसल्या, खोकल्या, आणि नानांना म्हणाल्या, "आज पांढरी पाच द्या हो. गळा वर जातच नाही."

नानांनी पट्टी दाबली. मी नुसती मोकळी तार छेडली आणि सा घुमला. शेजारची तार छेडली, प. डावा हात गप्प. मधले दोन-चार सूर लागले ते त्या दोघी आळशींनी धावतपळत दिले, धापा टाकत, पण दिले. पाळणा हलत होता आणि मी रडत होतो. नाना समजले, मला भक्तीचा उमाळा आलाय.

भक्ती कसली, पाळण्यानंतर आरतीत मी काय मागितलं ऐका. म्हटलं, महाराज, वहिनींचा खोकला असाच राहू द्या. मग प्रसादाला सुंठवडा आला. वहिनींनी चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "आता उद्या गळा मोकळा होतो की नाही बघा." मी चमकून मूर्तीकडे पाहिलं, तर मला महाराज हसल्यासारखे वाटले. आता समईच्या उजेडात कुणालाही तसं वाटेल, मी वाद घालत नाही. पण मला कळलं ते कळलं. बोटं मागत बसलो, आणि त्यांनी एका संध्याकाळपुरती पट्टी उतरवून दाखवली. पुढचं तोंडानं मागायचं काम माझं होतं. माणसापुढे वाकायला मला जमत नव्हतं, आणि देवापुढे वाकलो असं मी समजत होतो. त्यांचे उपकार फेडणं मला या जन्मी जमायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न लावता मी घरातला सगळा सुंठवडा डब्यात भरला आणि वहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "वहिनी, हा खा, गळा बरा करा. आणि बरा झाला तरी पांढरी पाचमध्येच गा. मला दुसरं वाजवता येत नाही."

त्या मग म्हणाल्या, "हे सांगायला एवढे महिने लावले? काळी चार मला दोन वर्षांपासून झेपत नाहीये. तुम्ही हसाल म्हणून ओढत होते."

मी डबा त्यांच्या हातात दिला, खिशातून डावा हात बाहेर काढला आणि त्यांच्या उंबऱ्यावर, आठच्या आठ बोटांनी, नमस्कार केला.