कचराफळ्यावरचं अक्षर

मास्तर आमच्या जाहिरात कंपनीत आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, शाळा बंद पडली, म्हणून इथे चित्रं काढायला बसले. पेन्सिलीला टोक काढायलाच पाच मिनिटं घ्यायचे. टिंगलीला आयतंच गिऱ्हाईक.

पाणी प्यायच्या जागेशेजारी साहेबाने एक फळा लावला होता. नापास झालेलं काम त्यावर टोचायचं आणि येता-जाता प्रत्येकाने खाली एक शेरा मारायचा. त्याला आम्ही कचराफळा म्हणायचो. साहेबाच्या मते यानेच माणूस घडतो. जो शेरा लिहायचा नाही, त्याचंच काम दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागायचं. मग काय, सगळे हिरिरीने लिहायचे.

मास्तर रोज सकाळी फळ्यापुढे उभे राहून शेरे वहीत उतरवून घ्यायचे. "चुका कळतात हो," म्हणायचे. आमची हसून हसून पुरेवाट.

एकदा त्यांनी साबणाच्या जाहिरातीसाठी टबात बसलेलं बाळ काढलं. अगदी जिवंत. साहेब म्हणाला, "हे बाळ आहे की उकडलेला बटाटा?" चित्र टोचलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी तिथला अक्षरं काढणारा. "तुझं वळण झकास. लिही."

मी चित्राच्याच कागदावर, खाली, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, "मास्तर, शाळा सुटली. घरी जा." टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मास्तरांनी ते वाचलं, चित्र फळ्यावरून काढून खिशात घातलं आणि घरी गेले. पुन्हा आले नाहीत.

महिन्याने त्यांची बायको आली. कंपनीने लिहून दिलं होतं की ते स्वखुशीने गेले. तिला छळाची तक्रार करायची होती, आणि ती टिकायला आतल्या एकाची साक्ष हवी होती. ती टेबलाटेबलापाशी गेली. एकाएकी सगळ्यांना कामं सुचली. शेवटी माझ्याकडे आली. हातात एक कोरा कागद, आणि ते चित्र.

"घरी बोलत नाहीत हो ते. पेन्सिल धरली की हात थरथरतो. एवढंच म्हणाले, हे ज्याने लिहिलंय त्याला शोध. इतका जीव लावून अक्षर काढणारा माणूस खोटं बोलणार नाही. कुणाचं आहे हे अक्षर, भाऊ?"

काचेमागून साहेब बघत होता.

"ओळखू येत नाही हो, वहिनी," मी म्हणालो.

माझ्या टेबलावर नव्या फलकाची अक्षरं वाळत पडली होती, त्याच वळणाची. वहिनींनी ती पाहिली. हातातलं चित्र पाहिलं. मग "बरं" म्हणून कोरा कागद पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेल्या.

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फलक संध्याकाळी द्यायचा होता. मी ब्रश उचलला आणि उरलेली ओळ पुरी केली. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही.